एअर प्युरिफायर घेताय? कोळसा किती ग्रॅम, ते विचारा

नवं कपाट बसवलं की महिनाभर डोळे चुरचुरतात. प्लायवूड-एमडीएफच्या चिकटद्रव्यातून सुटणारा फॉर्मल्डिहाइड हा नेहमीचा आरोपी. मग घरात प्युरिफायर येतो, दोन मिनिटांत त्याचा दिवा हिरवा होतो आणि वास मात्र तसाच. बऱ्याच यंत्रांतला सेन्सर फक्त धूळ मोजतो. हेपा फिल्टरही धूळच अडवतो; वायूचे रेणू त्यातून आरपार जातात.

वायू धरतो तो सक्रिय कोळसा, बहुधा नारळाच्या करवंटीचा. त्याच्या एका ग्रॅममध्ये सुमारे 1,000 चौरस मीटर पृष्ठभाग दडलेला असतो. रेणू त्याला चिकटतात. जागा भरली की काम संपलं. म्हणून दुकानात फिल्टर बाहेर काढायला लावा. हलवल्यावर दाणे खुळखुळले, हाताला वजन लागलं, तर बरं. आमच्याकडचा ‘कार्बन फिल्टर’ मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, तर चौकटीसकट 90 ग्रॅम! काळा रंग दिलेला स्पंजच तो. असल्या पट्टीसाठी जादा पैसे मोजू नका.

फॉर्मल्डिहाइड साध्या कोळशाला फारशी दाद देत नाही. त्यासाठी पोटॅशियम परमँगनेट मुरवलेले जांभळे दाणे लागतात. ते तपकिरी झाले की बदलायचे.

आता हिशेब. समजा यंत्र 12 हजारांचं आणि बदली फिल्टर अडीच हजारांचा. ‘वर्षभर टिकतो’ हे बहुधा धुळीच्या फिल्टरबद्दल असतं. कोळसा सहा महिन्यांतच भरू शकतो, दमट पावसाळ्यात त्याआधीही. तीन वर्षांत पाच फिल्टर म्हणजे साडेबारा हजार. 40 वॉटचं यंत्र रोज 12 तास चाललं तर महिन्याला साधारण 14 युनिट. दहाच्या दराने तीन वर्षांचे पाच हजार. 12 हजारांची वस्तू तिशीच्या घरात गेली.

नाल्याकाठच्या सर्व्हर रूमचं गणित निराळं. तिथे हायड्रोजन सल्फाइड सर्किटमधलं तांबं-चांदी खातो. कोटेशन मागण्याआधी महिनाभर तांब्या-चांदीच्या पट्ट्या टांगून गंज मोजून घ्या. तांब्यावरचा थर महिन्याला 300 अँगस्ट्रॉमच्या आत असेल, तर मोठी यंत्रणा विकायला आलेल्याला चहा पाजून परत पाठवा.

घरी मात्र आधी फुकटचा उपाय करा: कपाटं रिकामी, दारं सताड उघडी, खिडक्या उघड्या, आठ-पंधरा दिवस. आणि बाथरूममधल्या गॅस गिझरचा कार्बन मोनॉक्साइड यातला कुठलाही कोळसा धरत नाही. तो गिझर आजच बाहेर बसवून घ्या.