काउंटरवरून दिसणारं वजन

नावडे फाट्याजवळ माझं मेडिकल आहे. एकीकडे तळोजा एमआयडीसी, दुसरीकडे सिडकोची वसाहत, मधे जुनं गाव. त्यामुळे तिन्हीकडचं गिऱ्हाईक येतं. वजन कमी करायचं औषध मागणारे त्यात रोजचेच. काउंटरच्या या बाजूला उभं राहून जे कळलं, ते लिहून ठेवतोय.

१. काट्यावर चढण्याआधी पोटाला टेप लावा. "मी कुठे जाड? पोट तेवढं सुटलंय," असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा साखरेच्या गोळ्या न्यायलाच आलेला असतो. हातपाय काटकुळे, शर्टाचं खालून दुसरं बटण ताणलेलं. पँट लग्नापासून चौतीसचीच आहे, हा त्याचा पुरावा. पण पट्टा पोटाखाली सरकत गेला की नंबर कशाला बदलेल? टेप लावायची ती शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. पुरुषाला ९० सेंटिमीटर, बाईला ८०. त्यापुढे गेलं की पोटाच्या आतली चरबी वाढलीय असं धरून चालायचं.

पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र यडकिन यांच्या ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला सारखीच माणसं, आतला हिशोब वेगळा. म्हणून आपल्या लोकांसाठी २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. पाच फूट पाच इंचाच्या माणसाचं ६८ किलो झालं की तो लठ्ठपणाच्या रेषेवर आला. हे सांगितलं की गिऱ्हाईक हसतं, कारण आपल्याकडे ६८ किलो म्हणजे 'तब्येत सुधारली'. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत देशातल्या प्रौढांमध्ये लठ्ठपणा २८.६ टक्के निघाला, आणि फक्त पोटाचा मोजला तेव्हा ३९.५ टक्के.

२. आळशी म्हणण्याआधी त्या माणसाचा दिवस विचारा. सिडको १९७० साली स्थापन झाली, त्यानंतर इकडची भातशेती हळूहळू गेली. लावणी-कापणीत राबणाऱ्या अंगाला भाताचा डोंगर आणि वर सुकटीचं कालवण लागायचंच. शेत गेलं, ताट तसंच राहिलं. बांधावरून चालणारी पोरं आता गल्लीच्या टोकालाही बाइकवर जातात. वसाहतीतल्या लोकांची गोष्ट निराळी. नाइट करून आलेला माणूस सकाळी आठला पोटभर जेवून झोपतो, पोरांच्या आवाजाने बाराला उठतो. पुढच्या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट. झोप मोडली की भूक वाढवणारी आणि पोट भरल्याची वर्दी देणारी संप्रेरकं दोन्ही बिघडतात, आणि अशा वेळी पोळी-भाजीपेक्षा वडापाव, क्रीमरोल, दोन चमचे साखरेचा चहाच हवासा वाटतो.

डॉक्टर सांगतात, पहाटे चाला. चालायचं कुठे? मुंब्रा-पनवेल रस्त्यावर ट्रेलरची रांग, आणि कित्येक पहाटे एमआयडीसीकडून असा उग्र वास येतो की खिडक्या लावून बसावं. माझ्याकडून इनहेलर नेणाऱ्यांना मी सांगतो, वासाच्या दिवशी इमारतीतच जिने चढा-उतरा, गुडघे चांगले असतील तर.

३. थायरॉइडवर सगळं ढकलू नका. आपल्या औषधांची पिशवी उघडून बघा. जुन्या गावातल्या एक मावशी आल्या होत्या. "जेवान निम्म्यावर आनलंय दादा, तरी वजन कमी होत नाय. थायरॉइडच असंल." थायरॉइड कमी असेल तर वजन वाढतं हे खरं, पण फार तर चार-पाच किलो, तेही बरंचसं अंगात साठलेलं पाणी. मी म्हटलं, "मावशी, आणखी कुठल्या गोळ्या घेता?" पिशवीतून सांधेदुखीच्या सुट्या पुड्या निघाल्या. नाव नाही, स्ट्रिप नाही. चेहरा गोल, मानेमागे चरबीची गादी. अशा पुड्यांत बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. मी त्यांना पुड्या बंद करा म्हटलं नाही, कारण खूप दिवसांचं स्टिरॉइड एकदम तोडलं तर बीपी कोसळून माणूस अत्यवस्थ होऊ शकतो. त्याच पुड्या घेऊन फिजिशियनकडे जा, म्हटलं.

स्टिरॉइडच नव्हे. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, मानसिक आजारावरचं ओलान्झापिन, फिटचं व्हॅल्प्रोएट यांनीही वजन वाढतं. ही औषधं गरजेची आहेत, मनाने सोडायची नाहीत; पर्याय आहे का, एवढं डॉक्टरांना विचारता येतं. विचारणारा मात्र क्वचितच भेटतो. त्याहून वाईट म्हणजे काही घरांत हाडकुळ्या पोराला 'तब्येतीच्या गोळ्या' मागायला येतात. त्या मी देत नाही. भांडण होतं, होऊ दे.

४. तेलाचा कॅन मोजा. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा एक कॅन, म्हणजे माणशी रोज जवळपास ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या. लग्नाच्या हळदीच्या सीझनमधलं तेल यात धरलेलं नाही.

५. लठ्ठपणाची चिठ्ठी दरवर्षी लांबत जाते. आधी अ‍ॅसिडिटीची गोळी. मग बीपीची. मग सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' आणि मेटफॉर्मिन. पुढे युरिक अ‍ॅसिड, नी-कॅप. मुलींमध्ये पाळीची गडबड, पीसीओएस. प्रत्येक आजाराचा डॉक्टर वेगळा, मूळ मात्र कुणाच्याच चिठ्ठीत लिहिलेलं नसतं. कॅन्सरचं तर कुणाला खरंच वाटत नाही. खारघरला टाटांचं अ‍ॅक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र इथून हाकेवर, त्याच्या धाकाने तंबाखू सोडलेले लोक मी पाहिलेत. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ साली १३ प्रकारच्या कॅन्सरचा संबंध वाढलेल्या चरबीशी जोडला, हे सांगितलं की समोरचा विषय बदलतो.

घोरण्याला तर लोक गाढ झोपच समजतात. घोरता घोरता श्वास अडकणं, दिवसा बसल्या जागी डोळा लागणं हा स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो. ट्रेलर किंवा फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याच्या बायकोने हे डॉक्टरांच्या कानावर घालावंच.

६. महिन्यात दहा किलोची पावडर मी ठेवत नाही. ९० किलोच्या माणसाने पाच ते नऊ किलो उतरवून टिकवले तरी साखर, बीपी, लिव्हर, झोप सगळ्यात फरक दिसतो. लोकांना हा आकडा फार किरकोळ वाटतो.

७. इंजेक्शन खरंच काम करतं, आणि म्हणूनच जपून. मार्च २०२५ मध्ये माउंजारो आलं, जूनमध्ये वेगोव्ही, आणि आठवड्यातून एकदा घ्यायच्या या इंजेक्शनांची चौकशी कॉलेजच्या पोरांपासून पेन्शनरांपर्यंत सगळे करू लागले. आतड्यातून निघणाऱ्या संप्रेरकासारखंच हे औषध वागतं. भूक कमी होते, जठर सावकाश रिकामं होतं. वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्के उतरलं. त्याच चाचणीतल्या लोकांनी औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं. बीपीची गोळी सोडली की बीपी वर जातो, याचं कुणाला नवल वाटत नाही. वजनाच्या बाबतीत मात्र सगळे माणसालाच दोष देतात.

मळमळ आणि बद्धकोष्ठता बऱ्याच जणांना होते. स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेली असेल, घरात मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर असेल, दिवस राहिलेले असतील किंवा राहायचा विचार असेल, तर आधी डॉक्टरांना सांगायचं. चरबीबरोबर स्नायूही झडतात, म्हणून डाळ, अंडी, मासे आणि थोडा वजनांचा व्यायाम हवा. नुसतं चहा-बिस्किटावर राहून बारीक झालेला माणूस जिना चढताना थकतो. आणि फ्रीजचं तेवढं ऐका. न वापरलेलं पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं, बर्फाच्या कप्प्याला टेकवून नाही. गोठलेलं पेन फुकट गेलं.

८. ऑपरेशनची चौकशी लाजत करू नका, आणि कागद आधीपासून जपा. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून अन्नाची वाट बदलतात. बऱ्याच जणांची साखर त्यानंतर गोळ्यांशिवाय ताब्यात येते. पुढे बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर, आणि हा दर महिन्याचा खर्च ऑपरेशनच्या पॅकेजमध्ये धरलेला नसतो. मेडिक्लेम मिळत नाही असं अनेकांनी धरूनच ठेवलंय. विमा नियामकाच्या नियमांप्रमाणे वय १८ किंवा जास्त, बीएमआय ४० किंवा जास्त असेल, किंवा ३५ वा जास्त असून सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया किंवा ताब्यात न येणारा मधुमेह असेल, आणि आधीचे साधे उपाय फसलेले असतील, तर हा खर्च पॉलिसीत बसू शकतो. शेवटची अट लोकांना नडते. साधे उपाय केले होते हे कंपनीला दाखवायला आहारतज्ज्ञाच्या चिठ्ठ्या, वजनाच्या तारखेसकट नोंदी, औषधांची बिलं लागतात. माझ्याकडचं बिल मी म्हणूनच नावासकट करून देतो, "राहू दे हो, कशाला कागद" म्हणणाऱ्यालाही.