इंजिनाची घेतो तशी लॅपटॉपची काळजी घ्या



आता बऱ्याच घरांत लॅपटॉप आलाय. पोरांचा अभ्यास, होडीचे कागद, डिझेलचा हिशोब, बँकेचं काम, सगळं त्यातच. पण समुद्राकाठी लोखंड टिकत नाही, मग हे नाजूक यंत्र कसं टिकणार?

आधी आमची चूक सांगतो. गेल्या पावसात सोसायटीचा लॅपटॉप खिडकीजवळच्या टेबलावर होता. आठवडाभर कोणी उघडला नाही. नंतर सुरूच होईना. मेकॅनिकने उघडून दाखवला, आत हिरवट गंज चढलेला. डिझेलच्या नोंदी त्यातच होत्या, दुसरी कॉपी नव्हती. अकरा संध्याकाळी बसून पावत्यांवरून हिशोब पुन्हा लिहिला. दोन सभासदांच्या पावत्या भिजून गेल्या होत्या, त्यांचा हिशोब पुरा लागलाच नाही. त्यांचं नुकसान झालं ते आमच्यामुळे. तसं तुमच्या घरी होऊ नये म्हणून हे लिहितोय.

१) खारी हवा आणि दमट
खाऱ्या वाऱ्यातलं मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. ओलं मीठ धातूवर बसलं की गंज आलाच. म्हणून समुद्राकडच्या खिडकीजवळ लॅपटॉप ठेवू नका. १ जून ते ३१ जुलै बंदीच्या दिवसांत तर जास्तच जपा. काम नसलं तरी रोज अर्धा-एक तास चालू ठेवा, आतल्या उबेने ओल सुकते. काम झालं की बंद करून थंड होऊ द्या, मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. या पुड्या लहान मुलांच्या हाती देऊ नका. चालू लॅपटॉप मात्र प्लास्टिकच्या पिशवीत कधी घालू नका, आतल्या आत तापतो.

एसीच्या खोलीतून बाहेर दमट हवेत आणलात तर लगेच सुरू करू नका. बर्फातली बाटली बाहेर काढली की तिला घाम सुटतो ना, तसंच इथे होतं. अर्धा तास थांबा.

२) हात
मासळीचे, जाळ्याचे, ग्रीसचे हात धुऊन, पुसून मगच बसा. चहाचा कप आणि लॅपटॉप एका टेबलावर नको.

३) पाणी सांडलं तर
लगेच चार्जर काढा. पॉवरचं बटण दाबून धरा, पूर्ण बंद होईपर्यंत. बॅटरी निघत असेल तर काढा. उघडा करून उलटा, तंबूसारखा ठेवा आणि मेकॅनिककडे न्या. "चालतो काय बघूया" म्हणून सुरू करू नका. बहुतेक लॅपटॉप तिथेच मरतात. तांदळात पुरून काही होत नाही, उलट भुसा आत जातो. खारं पाणी असेल तर त्याच दिवशी न्या. वरून सुकलं तरी मीठ आत राहतं आणि खात सुटतं.

४) बॅटरी
दिवसरात्र चार्जरला लावून ठेवू नका. २० ते ८० टक्क्यांच्या मधे ठेवली तर बॅटरी जास्त वर्षं टिकते. बऱ्याच लॅपटॉपांत ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती चालू करा. महिनाभर वापरणार नसाल तर अर्धी भरून ठेवा. बॅटरी फुगलेली दिसली, कीबोर्ड वर उचलला गेला, तर वापर बंद. दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका. आग लागू शकते.

५) वीज आणि उष्णता
पावसात लाइट येते-जाते. विजा चमकायला लागल्या की चार्जर सॉकेटमधून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. थ्री-पिन प्लगचा मोठा पिन अर्थिंगचा, तो कापू नका. गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवलात तर खालची हवेची भोकं बंद होतात. पाट किंवा लाकडी फळी घ्या.

६) पुसणं
बंद करून, चार्जर काढून, मऊ सुती कापड किंचित ओलं करून पुसा. स्क्रीनवर थेट पाणी मारू नका.

७) कॉपी, सगळ्यात महत्त्वाची
लॅपटॉप नवा मिळतो, नोंदी मिळत नाहीत. होडीचं रजिस्ट्रेशन, विमा, लायसन्स, डिझेलच्या पावत्या यांच्या लॅपटॉपशिवाय आणखी दोन कॉपी ठेवा. एक पेन ड्राइव्हवर, एक ऑनलाइन ड्राइव्हवर. पेन ड्राइव्ह लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवू नका. होडीला एकच नांगर घेऊन आपण वादळात जात नाही, हे तसंच.

आणि ज्यांच्याकडे अजून विंडोज १० आहे त्यांनी लक्ष द्या. १४ ऑक्टोबर २०२५ पासून कंपनीने त्याचे नेहमीचे मोफत अपडेट थांबवले. बँकेचं काम त्यावर करत असाल तर पुढे काय करायचं ते जाणकाराला विचारा.

समुद्रातून आल्यावर आपण इंजीन गोड्या पाण्याने धुतो, त्याचा कंटाळा करत नाही. लॅपटॉपला दिवसाची पाच मिनिटं पुरतात.

पेन ड्राइव्हवर कॉपी कशी करायची ते येत नसेल तर संध्याकाळी ऑफिसात या, आम्ही बसून करून देऊ. पोरांनाही घेऊन या, ती आपल्यापेक्षा लवकर शिकतात.

आपला,
सेक्रेटरी