उतारवयातील मनःस्वास्थ्य व इंटरनेट : त्रिविध योगाच्या दृष्टीने विचार

प्रास्ताविक

सुलतानपूर हे बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील, मेहकर-लोणार मार्गावरील गाव. सोयाबीन, कापूस व तूर ही या भागातील मुख्य पिके. मुले शिक्षण व नोकरीसाठी पुण्या-मुंबईकडे गेली आणि पन्नाशी-साठीतले आईवडील गावी राहिले, अशी घरे येथे अपरिचित नाहीत. सन २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले व याच वयाच्या रुग्णांच्या हाती ते आले. आपल्या रुग्णपत्रकात आहार, निद्रा, मल, मूत्र यांची नोंद असते. या नव्या विहाराची मात्र बहुधा नसते. ती का असावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एक अनुभव

५८ व्या वर्षी सेवानिवृत्त झालेले एक शिक्षक अनिद्रा, मलावष्टंभ व छातीत धडधड या तक्रारींसाठी आमच्याकडे आले. वातप्रकोप स्पष्ट होता. ब्राह्मी, जटामांसी व अश्वगंधा यांचे कल्प आणि पादाभ्यंग अशी योजना केली. दोन महिन्यांत उपशय अल्पच मिळाला. तिसऱ्या खेपेस सोबत आलेल्या त्यांच्या पत्नीने सांगितले, “रात्री एक वाजेपर्यंत मोबाइलच पाहत असतात.” हा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता, ही आमची पहिली चूक.

दुसरी चूक त्याहून मोठी. “मोबाइल पूर्ण बंद करा,” असे आम्ही सांगितले आणि त्यांनी तो आज्ञेप्रमाणे बंद केला. महिन्याने ते परत आले तेव्हा झोप थोडी सुधारली होती, परंतु मुद्रा उदास होती व अन्नावरची वासना गेली होती. नातवाचे रोजचे दर्शन थांबले होते. जुन्या विद्यार्थ्यांशी होणारे बोलणेही तुटले होते. एक हेतू दूर करताना आम्ही दुसरा निर्माण केला होता.

हेतुविचार

चरकाचार्यांनी साठ वर्षांपर्यंत मध्यम वय व त्यापुढे वातप्रधान जीर्ण वय सांगितले आहे. सुश्रुतमते मध्यम वय सत्तरपर्यंत असले, तरी चाळिशीनंतर धातू, इंद्रिये व बल यांची किंचित हानी सुरू होते. म्हणजे पन्नाशी ते साठी हा संधिकाल होय. या काळात रात्रिजागरण रूक्ष गुणाने वात वाढवते. चिंता व भय त्यात भर घालतात.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात असात्म्येंद्रियार्थसंयोगाचे अतियोग, अयोग व मिथ्यायोग असे तीन प्रकार आले आहेत. इंटरनेटचा विचार याच चौकटीत नेमका बसतो.

अतियोग : अतिशय तेजस्वी रूप फार पाहणे हा नेत्रांचा अतियोग. अंधाऱ्या खोलीत उजळ पडद्याकडे तासन्‌तास पाहणे यात येते. निद्रा हा तीन उपस्तंभांपैकी एक. तोच येथे ढासळतो.

मिथ्यायोग : अतिनिकट, भयंकर, अद्भुत व बीभत्स रूपे पाहणे, तसेच कठोर, भीषण व प्रियजनांच्या नाशाचे शब्द ऐकणे. अपघाताची दृश्ये, कलहाचे संदेश व खोट्या बातम्या यांचे वर्णन याहून वेगळे काय करावे? जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा नाना तर्क पसरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने लवणप्रिय सूक्ष्मजीव हे कारण दाखवले. खुलासा मागाहून येतो, भय मात्र आधीच मनात शिरते. ‘डिजिटल अटके’चा धाक दाखवून होणारी लूट ही याचीच पुढची पायरी. अशी अटक कायद्यात नाहीच, हे रुग्णास स्पष्ट सांगावे.

अयोग : इंद्रियांना विषयच न मिळणे. एकाकी वृद्धत्वात हा हेतू विशेष घातक. आमच्या रुग्णाचा दुसरा विकार येथूनच झाला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेव्हियर’ या नियतकालिकात २३ देशांतील पन्नाशीपुढील ८७,००० हून अधिक व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इंटरनेट वापरणाऱ्यांत अवसादाची लक्षणे कमी व जीवनविषयक समाधान अधिक आढळले. हा संबंध आहे, कार्यकारणभावाची सिद्धता नव्हे. फरकही मोठा नाही. तथापि सरसकट निषेध शास्त्रास धरून नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

व्यवहारोपयोगी सूचना

१) रुग्णपत्रकात चार प्रश्न जोडावेत : किती वेळ, कोणत्या वेळी, काय पाहता, पाहिल्यावर मन कसे होते? चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.

२) निजण्यापूर्वी एक तास मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा; तो वेळ पादाभ्यंगास द्यावा.

३) आप्तांशी बोलण्याची वेळ ठरवून द्यावी व ती चुकवू नये. अहितकर विषयांपासून मन आवरणे हा सत्त्वावजय. आवरलेल्या मनाला हितकर विषय देणे त्याला पूरक ठरते.

४) औषधी दुकानदारांनी, मोबाइलवरील जाहिरात दाखवून कल्प मागणाऱ्या ग्राहकाला वैद्याकडे पाठवावे. विषद्रव्ययुक्त कल्प वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाचे असतात, हे वेष्टनावर छापलेलेच असते. ते वाचून दाखवावे.

५) सततची खिन्नता वा जीव नकोसा झाल्याची भाषा आढळल्यास मानसरोगतज्ज्ञाकडे पाठविण्यास विलंब करू नये. टेली-मानस १४४१६, ज्येष्ठांसाठी १४५६७ व आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक चिकित्सालयात व दुकानात लावावेत.

समारोप

आमच्या रुग्णास सायंकाळी अर्धा तास मुलाशी व नातवाशी बोलणे, सकाळी थोडा वेळ विद्यार्थ्यांशी संवाद, आणि रात्री नऊनंतर मोबाइल बंद, असा क्रम आखून दिला. औषधे तीच ठेवली. सुमारे सहा आठवड्यांत झोप लागू लागली, धडधड कमी झाली व अन्नाची गोडी परत आली. एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे आम्ही जाणतो. तरी ‘बंद करा’ असे सांगण्यापूर्वी त्या यंत्रातून रुग्णाला कोण भेटते, एवढे विचारावे, ही वैद्यबंधू-भगिनींस विनंती.