मेनफ्रेमचा ड्राइव्ह जोडण्याआधी

मेनफ्रेमवरची डिरेक्टरी पीसीवर ड्राइव्हसारखी जोडता येते हे कळलं, की कोबोलवाल्याला हायसं वाटतं. आयएसपीएफच्या काळ्या पडद्याऐवजी आवडीचा एडिटर, रंगीत कोड, एका झटक्यात शोधाशोध. पुण्यात बसून एका परदेशी बँकेच्या झेड/ओएसवर मी असंच काम करतो आणि ही सोय मला मनापासून आवडते. म्हणूनच नव्याने जोडणाऱ्यांना आधीच सांगावंसं वाटतं, कारण इथला घोटाळा बहुतेक वेळा आपल्या पडद्यावर दिसत नाही. तो दुसऱ्याच कुणाच्या जॉबमध्ये उगवतो.

आमच्याकडे झालं ते असं. एका पीसीवर प्रॉडक्शन डेटासेटची सगळी शाखाच एनएफएसने जोडलेली होती. रात्री अँटिव्हायरसचा स्कॅन लागला आणि नेटवर्क ड्राइव्ह वगळायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. बरेच दिवस न वापरलेले डेटासेट मेनफ्रेमचं एचएसएम टेपवर हलवून ठेवतं आणि कुणी ते उघडले की परत डिस्कवर आणतं. स्कॅनर एकेक फाइल उघडत गेला, टेपवरून रिकॉलची रांग लागली आणि बॅचचे जॉब ताटकळले. पीसीवर मात्र सगळं शांत.

त्यामुळे माझा आग्रह असा, की डेटासेटच्या नावाच्या नुसत्या पहिल्या भागावर ड्राइव्ह जोडूच नका. लागते तेवढीच लायब्ररी जोडा, नुसतं वाचायचं असेल तर रीड-ओन्ली. माउंटच्या मार्गापुढे स्वल्पविराम देऊन ‘नोरिट्रीव्ह’ लिहिलं, की टेपवर गेलेले डेटासेट परत आणले जात नाहीत. अँटिव्हायरस, इंडेक्सिंग आणि फाइलचा प्रिव्ह्यू या ड्राइव्हसाठी बंद ठेवा. फोल्डरमधल्या फाइलींचा नेमका आकार मागितला, तरी तो काढायला मेनफ्रेमवरच्या एनएफएस सर्व्हरला अख्खा डेटासेट वाचावा लागू शकतो.

दुसरा धोका जास्त घातक आहे. मेनफ्रेम एब्सिडिकमध्ये लिहितं, पीसी आस्कीमध्ये. माउंट करताना ‘टेक्स्ट’ म्हटलं, की सर्व्हर अक्षरं बदलून देतो. ‘बायनरी’ म्हटलं, की बाइट जसेच्या तसे येतात. सोर्स कोडला टेक्स्टच हवं. पण कॉम्प-३ची (पॅक्ड) रक्कम असलेली फाइल टेक्स्टने वाचली तर? १२,३४५ ही रक्कम तीन बाइटमध्ये १२ ३४ ५सी अशी असते. ५सी म्हणजे एब्सिडिकमधली फुली (*). आस्कीत ती २ए होते. मधला ३४ होतो ९४. बदललेले बाइट कुणी पुन्हा पॅक्ड आकडा म्हणून वाचले, तर उत्तर येतं १२,९४२. ए हेही धन चिन्ह चालतं, म्हणून प्रोग्रॅम कुरकुरही करत नाही. आकडा बरोबर दिसतो आणि चुकीचा असतो, याहून वाईट काय असणार? डेटा फाइल कायम बायनरीने घ्या आणि रूपांतर कॉपीबुक बघून, फील्डनुसार करा.

कोड लिहितानाही रेकॉर्डचं भान हवं. सोर्स लायब्ररीची ओळ साधारणपणे ८० बाइटची, पंच कार्डाच्या काळापासून चालत आलेली. त्याहून लांब ओळ लिहायला गेलात तर सेव्ह फसतं. टॅब दाबला तर मेनफ्रेमला तो एकच बाइट दिसतो आणि कोबोलचे कॉलम सरकतात. एडिटरला टॅबऐवजी स्पेस टाकायला सांगा. मेंबरचं नाव फार तर आठ अक्षरांचं, त्यामुळे एडिटरच्या लांबलचक बॅकअप फाइलींना तिथे जागा नाही.

एमव्हीएसलॉगिन ही कमांड देऊन आत गेलात, की तुमच्या रॅकएफ आयडीचे हक्क त्या पीसीला मिळतात. म्हणून उठताना आधी अनमाउंट करा, मग एमव्हीएसलॉगआउट.

आणि ऑटोसेव्ह बंद ठेवा. जुन्या पद्धतीच्या पीडीएसमध्ये प्रत्येक सेव्हला मेंबर नव्या जागी लिहिला जातो आणि जुनी जागा कॉम्प्रेस करेपर्यंत अडून राहते. एडिटर दर मिनिटाला सेव्ह करत असेल, तर लायब्ररी भरते आणि जागा संपल्याच्या ई३७ने भलत्याचाच जॉब पडतो. शिवाय लिहून झाल्यावरही सर्व्हर थोडा वेळ डेटासेट धरून ठेवतो, तेवढ्यात आयएसपीएफवरच्या सहकाऱ्याला ‘डेटासेट वापरात आहे’ असं उत्तर मिळतं. लायब्ररी नव्या पद्धतीची, म्हणजे पीडीएसई असेल तर जागेची कटकट जवळजवळ संपते. नसेल तर ड्राइव्ह जोडायच्या आधीच स्टोरेजवाल्यांना सांगून ती बदलून घ्या.