माणसे कमी केली, रांग वाढली : डोव्हर बंदराचा धडा

धंदा मंदावला की मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो माणसे कमी करण्याचा. लाइट बिल कमी होत नाही, भाडे कमी होत नाही, व्याज तर एक दिवसही थांबत नाही. मग उरतो तो गुमास्त्याचा आणि कारागिराचा पगार. वहीत ही बचत पहिल्याच महिन्यात दिसते. नुकसान मात्र वहीत दिसत नाही, ते नंतर दिसते आणि दुसऱ्याच खात्यावर पडते. हीच चूक मोठमोठी सरकारेही करतात. आज आपण त्यातले एक उदाहरण अभ्यासू. ते आहे इंग्लंडच्या डोव्हर बंदराचे.

नाक्याचे गाव

डोव्हर हे केंट जिल्ह्यातले, पांढऱ्या खडूच्या कड्यांखाली वसलेले छोटे शहर. समोर समुद्रापलीकडे फ्रान्सचा किनारा अवघ्या ३३-३४ किलोमीटरवर आहे आणि तिथेच कॅले बंदर आहे. मालट्रक थेट बोटीत चढतो आणि दीड तासात पलीकडे उतरतो. वर्षाला २० लाखांहून अधिक मालट्रक या बंदरातून ये-जा करतात. माल उतरवायचा नाही, चढवायचा नाही, फक्त पुढे जायचे. त्यामुळे या बंदराची खरी ताकद गोदामात किंवा क्रेनमध्ये नाही. गाडी किती लवकर पुढे सरकते, यातच ती आहे.

इथली तपासणीची पद्धतही वेगळी आहे. २००३ साली ब्रिटन व फ्रान्स यांच्यात ले तुके येथे करार झाला. त्यानुसार ब्रिटनचे अधिकारी कॅलेत बसून तपासणी करतात आणि फ्रान्सचे अधिकारी डोव्हरमध्ये. म्हणजे एका देशाने आपली माणसे कमी केली तर रांग दुसऱ्या देशाच्या रस्त्यावर लागते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडेल.

कपात कशी झाली?

२००८ च्या आर्थिक संकटानंतर ब्रिटनच्या सरकारी खर्चात मोठी तूट पडली. २००९-१० साली ती सुमारे १५,००० कोटी पौंड होती. ऑक्टोबर २०१० मध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑसबोर्न यांनी चार वर्षांची कपात जाहीर केली. गृहखात्याच्या चालू खर्चाला सुमारे २३ टक्के कात्री लागली. सीमा तपासणी करणाऱ्या 'यूके बॉर्डर एजन्सी'ने २०१५ पर्यंत ५,००० हून अधिक जागा कमी करण्याचे ठरवले. तूट खरी होती, खर्च आवरणे भाग होते, हे मान्य करायला हवे. प्रश्न एवढाच की कात्री कोठे चालवली आणि कोणत्या भरवशावर?

भरवसा होता यंत्रांवर. प्रवाशांची माहिती आधीच संगणकावर मिळेल, मग नाक्यावर कमी माणसे पुरतील, असा हिशेब होता. पण 'ई-बॉर्डर्स' नावाच्या त्या योजनेचा मुख्य ठेका काम रखडल्यामुळे जुलै २०१० मध्येच रद्द करावा लागला. २००६ ते २०१५ या काळात ही योजना आणि तिच्या जागी आलेली कामे मिळून किमान ८३ कोटी पौंड खर्च झाल्याचे तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी नंतर दाखवले. यंत्र सुरू झाले नव्हते आणि माणूस मात्र घरी गेला होता.

रांगेचा हिशेब

आता वही-पेन्सिल घ्या. समजा, एका नाक्यावर १० खिडक्या आहेत. एक खिडकी तासाला ३० गाड्या सोडते, म्हणजे एकूण ३००. तासाला गाड्या येतात २७०. सारे सुरळीत चालते, रांग नाही. साहेब म्हणतात, इथे तर माणसे रिकामी बसतात, दोन खिडक्या बंद करा. आता तासाला २४० गाड्या सुटतात. दर तासाला ३० गाड्या मागे राहतात. ८ तासांनी रांगेत २४० गाड्या असतील आणि शेवटच्या गाडीला पूर्ण एक तास थांबावे लागेल.

आणखी एकच खिडकी बंद केली तर? तासाला २१० सुटतात, ६० मागे राहतात. ८ तासांनी रांग ४८० गाड्यांची होते आणि थांबणे सव्वादोन तासांच्या वर जाते. पहिल्या दोन खिडक्यांनी एक तास वाढवला, तिसऱ्या एकाच खिडकीने सव्वा तास! तात्पर्य, नाक्यावरची कपात सरळ हिशेबाने चालत नाही. 'रिकामा' दिसणारा माणूस हा गर्दीच्या वेळचा विमा असतो.

अशी वेळ आली की नाक्यावरच्या अधिकाऱ्यापुढे तीनच वाटा उरतात. रांग वाढू द्यायची, तपासणी सैल करायची किंवा पुन्हा माणसे बोलवायची. ब्रिटनने या तिन्ही वाटा पाहिल्या.

तीन वाटा, तीन किमती

तपासणी सैल होण्याचा प्रश्न नोव्हेंबर २०११ मध्ये गाजला. गृहमंत्री थेरेसा मे यांनी उन्हाळ्यात काही तपासण्या कमी करण्याचा मर्यादित प्रयोग मंजूर केला होता. सीमादलाचे प्रमुख ब्रॉडी क्लार्क यांनी ती मर्यादा ओलांडली, असा आरोप झाला. त्यांनी तो नाकारला आणि राजीनामा दिला. सरकारचे म्हणणे होते की, धोका पाहून तपासणी करण्याची ही पद्धत आहे. कर्मचारी संघटना म्हणत होत्या की, माणसे कमी केल्याचा हा परिणाम आहे. मुख्य निरीक्षक जॉन व्हाइन यांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. संशयितांच्या यादीशी नावे ताडून पाहण्याची तपासणी २००७ पासून ३५० हून अधिक वेळा थांबवली गेली होती, आणि तीही बहुतेक उत्तर फ्रान्समधल्या नाक्यांवर, म्हणजे डोव्हरच्याच वाटेवर. म्हणजे सवय कपातीच्या आधीपासूनची होती. तिची नोंद आणि परवानगी यांचा गोंधळ, हा मोठा दोष निघाला.

प्रकरण गाजल्यावर पूर्ण तपासणी सुरू झाली. लगेच रांग वाढली. एप्रिल २०१२ मध्ये हीथ्रो विमानतळावर युरोपबाहेरच्या प्रवाशांसाठी ४५ मिनिटांचे उद्दिष्ट असताना काही वेळा दोन-तीन तास थांबावे लागल्याच्या तक्रारी झाल्या. ऑलिंपिक तोंडावर होते. मग तिसरी वाट धरली. दुसरीकडची माणसे आणली, जादा पाळ्या लावल्या, नवी भरती केली. माणसे ठरल्यापेक्षा लवकर कमी झाली आणि कामाची नवी पद्धत मागे राहिली, असे लेखापरीक्षकांनी जुलै २०१२ मध्ये नोंदवले. मार्च २०१३ मध्ये ती एजन्सीच मोडीत काढल्याची घोषणा झाली.

काम वाढले तेव्हा

२०२१ च्या सुरुवातीपासून ब्रिटन युरोपच्या बाजारव्यवस्थेतून बाहेर पडला. जो ट्रक सरळ जात होता, त्याला आता कस्टमचे कागद लागू लागले. युरोपातून येणाऱ्या मालाच्या तपासण्या तर सरकारला वारंवार पुढे ढकलाव्या लागल्या. आरोग्य दाखले ३१ जानेवारी २०२४ पासून आणि प्रत्यक्ष तपासणी ३० एप्रिल २०२४ पासून सुरू झाली. दुसरीकडे त्याच सुमारास डोव्हरमध्ये बेकायदा मांस पकडणाऱ्या स्थानिक पथकाचा निधी मोठ्या प्रमाणात कमी करण्याचा प्रस्ताव आला. जनावरांचे रोग देशात येतील, असे सांगून डोव्हरच्या स्थानिक प्रशासनाने त्याला कडाडून विरोध केला.

जुलै २०२२ मध्ये शाळांच्या सुट्ट्या सुरू होताच डोव्हरमध्ये गाड्या तासन्‌तास अडकल्या. फ्रान्सने खिडक्यांवर पुरेशी माणसे बसवली नाहीत, असे बंदर म्हणाले. बोगद्यातील तांत्रिक अडचणीमुळे आमची माणसे उशिरा पोहोचली, असे फ्रान्स म्हणाला. शिवाय ब्रिटनच्या प्रत्येक पासपोर्टवर तेव्हा शिक्का मारावा लागत होता. दोष कोणाचाही असो, डिझेल जळाले ते ट्रकवाल्याचे आणि माल नासला तो व्यापाऱ्याचा.

आपण काय घ्यावे?

१. आपल्या धंद्यातला 'नाका' ओळखा. कापडाच्या धंद्यात तो बहुधा तागा तपासणाऱ्याच्या टेबलावर असतो. दहा माग कमी केले तर दहा मागांचे उत्पादन घटते. पण तपासणारा एक माणूस काढला तर शंभर मागांचा माल एक तर अडतो किंवा न पाहता पुढे जातो. मग परत आलेले तागे त्याच्या वर्षभराच्या पगाराहून महाग पडतात.

२. यंत्र आधी चालवून पाहा, मग माणसाचा विचार करा. काही महिने दोन्ही सोबत ठेवावीत.

३. जुना कारागीर जातो तेव्हा त्याची नजरही जाते. मंदीत पाळी कमी करा, काम वाटून घ्या, मोकळेपणाने बोला. शक्यतो हात सोडू नका. तेजीत तो माणूस शेजारच्या कारखान्यात असतो.

४. तपासणी सैल करावीच लागली तर कोणी, कधी, का केली हे लिहून ठेवा. न लिहिलेली सवलत उद्या सवय होते आणि परवा आरोप होते.

५. निर्यात करणाऱ्यांनी हे कायम लक्षात ठेवावे की बंदरातला उशीर आपल्या हातात नसतो, पण त्याची तयारी असते. न्हावा-शेव्याला कंटेनर ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त पडला की भाडे चढू लागते. ते कोणी भरायचे, हे सौद्यातच लिहून घ्या. तारीख देताना काही दिवस हाताशी ठेवा. बिल, पॅकिंग लिस्ट आणि मालाच्या मूळ देशाचा दाखला यांतले वर्णन व वजन एकसारखे असू द्या. भारत-ब्रिटन व्यापार कराराची सही २४ जुलै २०२५ रोजी झाली. अशा करारातली जकातीची सवलत मिळते ती कागद बरोबर असणाऱ्यालाच.

शेवटी एकच सांगणे. पगाराच्या वहीत आज रात्री एकेका नावावर बोट ठेवा आणि स्वतःला विचारा, 'हा माणूस उद्या आला नाही तर रांग कोठे लागेल?' ज्या नावावर उत्तर लगेच सुचेल, ते नाव कात्रीच्या यादीत सर्वांत शेवटी असावे.