जड द्रवाचा पापुद्रा वर कसा?

जड द्रव खाली, हलका वर, असे मी वर्गात शिकवतो. मिथेनॉल आणि सायक्लोहेक्झेन हा नियम अर्धाच पाळतात. साधारण ४५ अंश सेल्सियसखाली त्यांच्या मिश्रणाचे दोन थर होतात. मिथेनॉल जास्त असलेला जड थर तळाशी बसतो. तरी त्याच द्रवाचा पातळ पापुद्रा हलक्या थराच्या माथ्यावर, वाफेला लागून पसरतो!

कारण पृष्ठताण. वाफेशी मिथेनॉलचा ताण कमी. दोन थरांमधला ताण तर ते एकरूप होण्याच्या तापमानाजवळ जवळजवळ शून्यावर येतो, मग पसरणे स्वस्त पडते. जॉन कान यांनी हे १९७७ मध्ये गणिताने मांडले. १९८० मध्ये मोल्डोव्हर आणि कान यांनी मिश्रणात थोडे पाणी घातले, तेव्हा दोन थरांमधला ताण वाढून पापुद्र्याचे थेंब झाले.

खरी गंमत पुढे आहे. मिश्रण थंड करताना, थेंब होण्याचे तापमान ओलांडले तरी पापुद्रा टिकून राहू शकतो. तो मोडायला आधी भोक पडावे लागते, आणि बारीक भोक लगेच बुजते. म्हणून कॅडेट्स, वहीत नुसते तापमान नको. मिश्रण तापवत तिथे आणले की थंड करत, तेही लिहा.