चुकून आलेले अनुदान : पैसा कोणाचा?

दुसऱ्याची रक्कम चुकून आपल्या खात्यात जमा झाली तर ती कमाई नव्हे, अमानत आहे, हे प्रत्येक व्यापारी जाणतो. सरकारी मदतीलाही हाच हिशेब लागू होतो. ट्रस्ट, मंडळ किंवा सोसायटी चालविणाऱ्या वाचकांनी या दृष्टीने इंग्लंडमधील कोरोना अनुदानांचे प्रकरण समजून घ्यावे.

मार्च २०२० मध्ये तेथील सरकारने छोट्या धंद्यांना १०,००० पौंडांचे अनुदान जाहीर केले. वाटप स्थानिक कौन्सिलांकडे होते. ११ मार्च २०२० रोजी ज्या जागेला कराच्या दप्तरात छोट्या धंद्याची सवलत होती, ती पात्र. पैसा लवकर पोहोचावा म्हणून वाटप आधी आणि बरीचशी तपासणी नंतर झाली.

घोळ येथेच होता. धर्मादाय संस्थांना जागेच्या करात ८० टक्क्यांची वेगळी सवलत मिळते. ती घेणाऱ्या जागेला छोट्या धंद्याची सवलत मिळत नाही, म्हणून हे अनुदानही नाही. सार्वजनिक हॉल मात्र दुकाने, हॉटेले व करमणुकीच्या दुसऱ्या योजनेत बसत होते. म्हणजे एकाच संस्थेचा हॉल पात्र आणि कार्यालय अपात्र, असे होऊ शकत होते. दप्तरातील नोंद चुकीची असली की पैसे भलत्याच खात्यात जात.

२०२० ते २०२२ या काळात ३१४ कौन्सिलांनी आठ योजनांतून सुमारे २,२६० कोटी पौंड वाटले. त्यात धंदे व संस्था मिळून चुकीने किंवा फसवणुकीने गेलेली रक्कम अंदाजे ११० कोटी. संसदेच्या लोकलेखा समितीच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे तोपर्यंत वसुली झाली फक्त २ कोटी ९ लाखांची!

चूक कौन्सिलची, मग आम्ही का भरावे, असा सवाल संस्था करील. योजनेच्या नियमांतच चुकून दिलेली रक्कम परत घेण्याची तरतूद होती. शिवाय 'केली विरुद्ध सोलारी' या १८४१ च्या खटल्यापासून तेथील कायदा सांगतो की, देणारा निष्काळजी असला तरी चुकून दिलेला पैसा परत मागता येतो. आपल्याकडेही भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ७२ हेच सांगते.

पण दुसरी बाजूही आहे. ज्याने नेक नीयतीने, रक्कम आपलीच समजून, एरवी केला नसता असा खर्च केला, त्याचा बचाव इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने १९९१ मध्ये मान्य केला. चूक कळल्यानंतर केलेल्या खर्चाला हा आधार नाही.

यातून घ्यायचे धडे असे :

१) अनुदान कोणत्या योजनेतून व कोणत्या जागेसाठी आले, हे लेखी विचारून घ्यावे.

२) शंका असेल तर रक्कम वेगळी ठेवावी. पगार किंवा दुरुस्तीत घालू नये.

३) खर्च झालाच असेल तर पावत्या व सभेचा ठराव जपून ठेवावा.

४) परतीची नोटीस आल्यास गप्प बसू नये. हिशेब दाखवून हप्ते मागावेत.

वसूल करणाऱ्यानेही लबाड आणि गाफील यांत फरक केला पाहिजे. छोट्या संस्थेकडून एकदम १०,००० पौंड मागितले तर तिचे दारच बंद व्हायचे. हप्त्याने घेतले तर पैसाही येईल आणि संस्थाही जगेल.